पंपाचे छत्तीस दाब

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. सायकलचा, आणि त्यातही मागच्या चाकाचा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा टायर वाट दाखवतो म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ओझे मात्र मागच्याच्या पाठीवर बसते. माझ्या पाठीवर अंडी बसत. एका फेरीला एकशेवीस. एवढी नाजूक माणसे तुमच्या पाठीवर रोज बसली असती, तर तुम्हीसुद्धा माझ्यासारखेच विचारी झाला असता.

माझा जन्म एका मोठ्या, गरम खोलीत झाला. झाडाचा चीक, काजळी आणि गंधक एकत्र मळून माझे अंग तयार केले. पोटात दोऱ्यांचे कापड घातले, दोन्ही कडांना पोलादी तार दिली आणि मला एका साच्यात बंद केले. आत इतका उकाडा होता की आठवण काढली तरी अंग मऊ पडते. पण त्या उकाड्यानेच चिकट चिकाचे चिवट रबर झाले. साचा उघडला तेव्हा माझ्या पाठीवर मधोमध एक गुळगुळीत पट्टा होता, त्यावर बारीक रेघा, आणि दोन्ही खांद्यांवर छोटे छोटे दात. डांबरावर पट्टा टेकावा, मातीत चाक थोडे रुतले की खांद्यांच्या दातांनी पकड घ्यावी, अशी योजना होती.

तपासणीच्या टेबलापाशी एक बाई बसत. त्यांनी माझ्या आतून तळहात फिरवला, मला दोनदा वाकवले आणि शेजारणीला म्हणाल्या, "दोन्हीकडे चालेल हा." मी ते शब्द मनात जपून ठेवले. पुढे दोन वर्षे मला तेवढाच आधार होता.

कारण दुकानात मला कोणी घेईना. तिथे मालक, कारागीर आणि हिशेबनीस सगळे एकच गृहस्थ होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. दुकान अगदी मोक्याच्या जागी होते, म्हणजे जिथे शहराची डांबरी सडक संपते आणि मळ्यांकडे जाणारी मातीची वाट सुरू होते तिथे. गिऱ्हाईक दोन्हीकडून येई. शहरातले लोक माझ्या खांद्यांना हात लावून म्हणत, "नको, फार खडबडीत आहे." मळ्यावरचे लोक माझ्या पाठीवर बोट फिरवून म्हणत, "नको, फार गुळगुळीत आहे." मी खिळ्याला लटकून धूळ खात होतो.

मग एका सोमवारी दुपारी सूनबाई आल्या.

त्यांचे घर मातीच्या वाटेवर चार किलोमीटर आत होते. घरात दोघीच. सासूबाई आणि सूनबाई. सासूबाईंचा मुलगा बोटीवर नोकरीला होता, सहा महिन्यांनी एकदा घरी येई. घरामागे ऐंशी कोंबड्या होत्या. त्या सासूबाईंच्या. अंडी वेचायची सासूबाईंनी, आणि एक दिवसाआड सकाळी सातच्या आत शहरातल्या बेकरीत पोचवायची सूनबाईंनी, अशी वाटणी होती. चार किलोमीटर माती, पाच किलोमीटर डांबर. बस होती, पण ती नऊला सुटे आणि बेकरीची दुसरी भट्टी सातला लागे.

"वहिनी, पुन्हा काय झालं?" मिस्त्रींनी विचारले.

"तेच. तुम्ही आधी गुळगुळीत टायर दिलात, तो मातीत घसरला. मग दातेरी दिलात, तो डांबरावर असा घरघरतो की कुत्री मागे लागतात. वर अर्धा तास उशीर."

"मग आता काय देऊ? जाती दोनच. एक शहराची, एक मळ्याची."

"तो मागे कोण लटकलाय?"

"तो होय? तो अधलामधला." मिस्त्री हसले. "दोन वर्षं झाली. स्थळं येतात, बघतात आणि कळवतो म्हणून निघून जातात."

सूनबाईंनी मला खाली उतरवले. फडक्याने पुसले. बोटाच्या पेराने माझी रुंदी मोजली, मग चाक ज्यात बसते तो सायकलचा चिमटा मोजला आणि दोन्ही बाजूंना पेरभर जागा राहते का ते पाहिले. त्या शाळेत शास्त्र शिकलेल्या होत्या. कमी बोलत आणि मोजून घेत.

"मिस्त्रीभाऊ, माझा रस्ता कसा आहे?"

"निम्मा असा, निम्मा तसा."

"मग?"

मिस्त्रींनी पाना उचलला.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगात पहिल्यांदा हवा शिरली. मिस्त्रींना कडक हवेचा फार अभिमान होता. त्या भागात रीतच तशी होती. चाकाला अंगठा लावावा आणि अंगठा जरासुद्धा रुतू नये, टिचकी मारावी आणि टण्ण आवाज यावा, म्हणजे हवा चांगली. मऊ चाक घेऊन फिरणे म्हणजे शर्टाचे बटण उघडे ठेवून फिरण्यासारखे. माझ्या अंगावर दोन आकडे कोरलेले होते, एक कमीत कमी हवेचा आणि एक जास्तीत जास्त. मिस्त्री नेहमी मोठाच वाचत. "लहान आकडा कंजुषांसाठी असतो," असे ते म्हणत. ओळखीच्या गिऱ्हाइकाला हवा फुकट होती. सूनबाई परतताना दुकानावरून जात, तेव्हा त्या दर वेळी नको म्हणत आणि मिस्त्री दर वेळी पंपाचे चार दाब मारून चाक दगडासारखे करून देत. प्रेमाला नाही कसे म्हणणार?

मंगळवारी माझी पहिली फेरी झाली. डांबरावर मी असा पळालो की सूनबाई स्वतःशीच गुणगुणू लागल्या. वेळेआधी पंधरा मिनिटे पोचलो. पण त्याआधीची चार किलोमीटर माती मला अजून आठवते. त्या वाटेवर नाल्याजवळ गोट्यांएवढ्या खड्यांचा एक पट्टा होता, त्याला घरात 'खुळखुळा' म्हणत. त्यावरून मी धावलो नाही, उड्या मारत गेलो. एवढी हवा भरल्यावर मी दुसरे काय करणार? खडा आला की मी उडे, मी उडालो की ट्रे उडत.

बेकरीवाल्यांच्या भुवयांवर कायम मैदा असे. ते प्रत्येक अंडे दिव्यासमोर धरून तडा बघत. त्या दिवशी अकरा अंडी बाजूला निघाली.

"ताई, ट्रेमागे एखादं फुटलं तर मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. "चार ट्रे, चार अंडी. पण अकरा? मोठ्या फार्मची गाडी रोज दारात येऊन विचारते. अंडी अख्खी, वेळ पक्की. मी तुम्हाला शनिवारपर्यंत बघतो. शनिवारी चारच्या वर गेली, तर सोमवारपासून गाडीवाल्याला हो म्हणणार. वाईट वाटून घेऊ नका."

सूनबाईंनी घरी येऊन हे सांगितले तेव्हा सासूबाई दाणे टाकत होत्या. त्यांचा हात थांबला. बेकरी सुटली तर ऐंशी कोंबड्यांना दाणा कुठून आणायचा? त्या विकाव्या लागणार होत्या. आणि सासूबाई त्यांतल्या प्रत्येकीला नावाने ओळखत. पांढरी, भांडखोर, लंगडी, पुढारीण.

"नवा टायर आणलास ना?" त्या म्हणाल्या. "त्याचं काय झालं?"

"डांबरावर छान चालतो."

"मग डांबरावर राहायला जाऊ या का आपण?"

गुरुवारच्या फेरीत नऊ अंडी फुटली. सूनबाई परत निघाल्या. मी खाली मान घालून फिरत होतो. तशी टायरची मान खालीच असते, पण त्या दिवशी जास्त होती. बेकरीवाल्यांनी लहान आकाराची बारा अंडी परत पाठवली होती, ती मागे एका ट्रेमध्ये नुसती ठेवली होती. आणखी एक विघ्न म्हणजे माझ्या व्हॉल्व्हमधून थोडी थोडी हवा निघत होती. गुरुवारी मिस्त्रींचे दुकान बंद असे. फुकट हवा मिळाली नाही.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई फाटकातच म्हणाल्या, "अगं, चाक बसलंय तुझं! लोक काय म्हणतील?"

सूनबाईंनी ट्रे उतरवला. अंडी मोजली. पुन्हा मोजली.

"आई, बाराच्या बारा अख्खी आहेत."

"बरं झालं मग."

"बरं झालं नाही हो. का झालं? खुळखुळ्यावरूनच आले मी. वेगही तोच होता."

त्या वाकल्या आणि त्यांनी माझ्यावर अंगठा दाबला. अंगठा किंचित रुतला. मग तिथेच बसून त्यांनी तो पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला अनेकांनी दाबून पाहिले, पण विचार करत दाबणारे माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी व्हॉल्व्ह बदलला, मग घरातला हवा भरायचा हातपंप, पट्टी, एक पसरट भांडे आणि पाण्याची बादली अंगणात आणली. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता हे काय नवीन? माझ्या कोंबड्यांची अंडी प्रयोगाला मिळणार नाहीत, आधीच सांगते."

"अंडी नकोतच. पाणी पुरे. भांडं काठोकाठ भरायचं, मागे बांधायचं, खुळखुळ्यावरून नेऊन आणायचं. जितका हादरा जास्त, तितकं पाणी कमी."

"आणि अंड्यांचं वजन?"

सूनबाईंनी चमकून सासूबाईंकडे पाहिले. हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते. सासूबाई आत गेल्या आणि अंदाजाने तेवढ्याच वजनाची दाण्याची पिशवी घेऊन आल्या. "अशी बघू नकोस. चाळीस वर्षं अंडी उचलतेय मी."

मग खेळ सुरू झाला. प्रत्येक वेळी माझी सगळी हवा सोडायची, मग पंप मारायचा. सूनबाई पंप मारत, सासूबाई मोठ्याने मोजत. पहिल्यांदा पन्नास दाब, म्हणजे मिस्त्रींची टण्ण हवा. मी उड्या मारत गेलो आणि आलो. भांड्यात निम्मेच पाणी उरले होते आणि सूनबाईंची पाठ ओली चिंब झाली होती. सासूबाई इतक्या हसल्या की पुढारीण घाबरून कुंपणावर जाऊन बसली.

बेचाळीस दाबांना पाव भांडे सांडले. छत्तीसला मला स्वतःलाच वेगळे वाटले. खडा आला की त्याच्यावरून उडण्याऐवजी मी त्याला पोटात घेत होतो आणि पुढे जात होतो. जणू वाटेशी माझे भांडणच उरले नव्हते. माझ्या खांद्यांचे दात मातीला पहिल्यांदाच नीट टेकले. भांड्यातले पाणी जेमतेम बोटभर कमी झाले होते.

"अजून कमी करून बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आता चव लागली होती. "अठ्ठावीस!"

अठ्ठावीस दाबांना मी फारच मऊ पडलो. खुळखुळ्याच्या मधोमध एका टोकदार खड्याने मला पार दाबले आणि चाकाची पोलादी कड ठक्कन आदळली. पाणी उडाले, आणि आतल्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडली. सूनबाई सायकल हाताने ढकलत आल्या.

"म्हणजे फार कडक नको आणि फार मऊही नको," त्या ट्यूबला ठिगळ लावता लावता म्हणाल्या. "छत्तीस."

"छत्तीस?" सासूबाई डोळे मिचकावून म्हणाल्या. "तुझ्यामाझ्यात इतकी वर्षं तोच आकडा होता की गं!"

दोघी हसत सुटल्या. मी अंगणात उलटा पडलो होतो, तरी मलाही हसू येत होते.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. चार ट्रे, एकशेवीस अंडी, छत्तीस दाब. सासूबाईंनी स्वतः माझ्यावर अंगठा दाबून पाहिला आणि मान हलवली. खुळखुळा आला. मी एकेक खडा पोटात घेत गेलो. मागे ट्रेमध्ये कुजबुजसुद्धा नव्हती. माती संपली, डांबर सुरू झाले, आणि नेमके तिथेच मिस्त्री दुकान उघडत होते.

"थांबा, थांबा वहिनी! मागच्या चाकात हवा नाही!"

"आहे, मिस्त्रीभाऊ. मुद्दाम एवढीच ठेवलीय."

"मुद्दाम?" मिस्त्रींनी पंप उचललाच होता. "असं मुद्दाम कोणी करतं का? एका मिनिटाचं काम आहे, फुकट आहे."

"आज नको. खरंच नको. पुढे बेकरीच्या गल्लीत दगडी फरशी आहे, आणि आज चारच्या वर फुटून चालणार नाही."

"अहो, टायर माझ्या दुकानातला. लोक म्हणतील मिस्त्रींच्या गिऱ्हाइकाचं चाक बसलेलं. माझी काही अब्रू आहे की नाही?"

सूनबाईंनी पायडलवरचा पाय खाली टेकला. त्यांना कोणाचे मन मोडणे जमत नसे, आणि इतके दिवस त्या संकोचानेच अंडी फोडली होती. मी श्वास रोखून धरला. तो मला चांगला रोखता येतो.

"मिस्त्रीभाऊ, परत येताना वाटेल ते बोला. पण हवा माझी आहे." असे म्हणून त्यांनी पायडल मारले.

मी डांबरावर थोडा जड चाललो, हे खरे आहे. कडक हवेइतका वेग आला नाही. पण मधला गुळगुळीत पट्टा त्याचसाठी होता. घरघर नाही, कुत्री नाहीत. सातला दहा कमी असताना आम्ही बेकरीच्या गल्लीत शिरलो, फरशीवरून अलगद गेलो आणि दारात थांबलो. तेवढ्यात मागून घंटी वाजली. मिस्त्री स्वतःच्या सायकलवर, पंप खांद्यावर टाकून, घामाघूम होऊन आले होते. एवढी हवा फुकट द्यायला पाच किलोमीटर येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बेकरीवाल्यांनी दिवा लावला. पहिला ट्रे. तीस अंडी, सगळी चांगली. दुसरा ट्रे. सगळी चांगली. तिसऱ्या ट्रेच्या कोपऱ्यातले एक अंडे त्यांनी दिव्यासमोर धरले, फिरवले आणि बाजूला ठेवले. सूनबाईंनी हँडल घट्ट धरले. चौथा ट्रे फार हळू गेला. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

"एक," बेकरीवाले म्हणाले. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि थोडा मैदा खाली पडला. "एक तर माझ्या हातूनही फुटतं. गाडीवाल्याला सांगतो, पुढच्या गल्लीत जा म्हणून. सोमवारी याच वेळेला या, ताई."

मिस्त्रींनी खांद्यावरचा पंप खाली ठेवला. गुडघे टेकून ते माझ्याजवळ बसले आणि अंगठा दाबला. रुतला. पुन्हा दाबला.

"किती आहे ही?"

"माझ्या पंपाचे छत्तीस दाब."

त्यांनी खिशातले हवा मोजायचे यंत्र लावले. मग रुमालाने माझी बाजू पुसली आणि कोरलेले दोन्ही आकडे, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मोठ्याने वाचले. यंत्रातला आकडा त्या दोघांच्या मध्ये होता. लहान आकड्याजवळ, पण मध्येच.

"लिहिलेलंच होतं की," ते हळूच म्हणाले. मग उठून हसले. "आणि मी मेला पाच किलोमीटर पंप घेऊन धावतोय!"

घरी सासूबाई फाटकात उभ्या होत्या. सूनबाईंनी एक बोट वर केले.

"एकच?" सासूबाई म्हणाल्या. "ते पांढरीचं असणार. तिची कवचं पहिल्यापासून पातळ." आणि त्या वळून कोंबड्यांकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी दाणा ओंजळीने टाकला आणि बराच वेळ डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. सूनबाईंना त्यांनी सांगितले की दाण्यात धूळ फार आहे.

सोमवारी आम्ही दुकानावरून गेलो, तेव्हा पंपाच्या वर एक नवी पाटी होती. खडूने, मोठ्या अक्षरांत लिहिलेली. "कुठे जायचे ते सांगा, मग हवा." माझ्या जातीचे सहा टायर त्यांनी दर्शनी भागात टांगले होते.

त्यानंतर मी पाच वर्षे धावलो. किती अंडी वाहिली त्याचा आकडा सूनबाईंच्या वहीत आहे. शेवटी माझा मधला पट्टा झिजून आतले दोरे दिसू लागले. खांद्यांचे दात मात्र अजून तसेच होते. सूनबाईंनी माझ्याच जातीचा नवा टायर आणला आणि मला खुराड्याच्या मागे खिळ्याला अडकवले. तिथे एक उन्हाळा मी विसरला गेलो. उन्हाने अंगाला बारीक भेगा पडल्या. दुकानातले ते जुने दिवस आठवत. तेव्हा निदान सावली होती.

मग एके सकाळी सासूबाईंनी मला खाली काढले, खुराड्याच्या कोपऱ्यात आडवे ठेवले आणि माझ्या मधोमध भुसा आणि वाळके गवत पसरले. "गवत इकडे तिकडे पसरतं, आता पसरणार नाही," त्या म्हणाल्या. दुपारी एक पांढरी कोंबडी आली. पांढरीची नात. ती आत बसली, दोनदा फिरली आणि उठून मोठमोठ्याने ओरडत गेली. माझ्या मधोमध एक ऊन ऊन अंडे होते.

मित्रांनो, माझे छत्तीस दाब तुमच्या चाकाला लागू पडतीलच असे नाही. तुमचे वजन वेगळे, वाट वेगळी, पंपही वेगळा. पण निघण्यापूर्वी आपल्या चाकाला एकदा अंगठा लावून बघा, त्याच्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचा, आणि परत आल्यावर त्याला उन्हात टाकू नका. तेवढे केलेत तर तो तुम्हाला कधी वाटेत सोडणार नाही.

त्या तपासणीच्या टेबलापाशी बसणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, दोन्हीकडे चालेल हा. मी चाललो. आता कुठेच चालत नाही. अंडी आता स्वतःच माझ्याकडे येतात. इतक्या दिवसांत एकही फुटलेले नाही.